इंग्लिश १०१ : माझा निबंध आणि समासातलं ‘सो व्हॉट?’

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज रडकुंडीला आलेय म्हणून धागा काढतेय.

मी मूळची सांगलीची. बी.कॉम., फर्स्ट क्लास (हे मुद्दाम सांगतेय, का ते पुढे कळेल). लग्नानंतर ओहायोत आले त्याला चौदा वर्षं झाली. आता मुलं हाताशी आली म्हणून इथल्या कम्युनिटी कॉलेजात रेडिओग्राफीसाठी (एक्स-रे काढायचं शिक्षण) नाव घातलं. माझे कॉमर्सचे थोडे क्रेडिट त्यांनी धरले, पण इंग्लिश कॉम्पोझिशन काही धरलं नाही, ते इथेच करा म्हणाले. म्हणजे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून इंग्लिश १०१. माझ्या लेकीला हे भयंकर विनोदी वाटतं.

तर पहिला पेपर होता, ‘आपल्या गावातली एक जागा घ्या आणि तिच्याबद्दल आर्ग्युमेंट करा’, चार पानं, डबल स्पेस. मी पब्लिक लायब्ररी घेतली. दोन रविवार त्यात घातले, मुलांना मॅगी खायला घालून. सुरुवात ‘पुस्तकं हे माणसाचे खरे मित्र’ अशी, मग लायब्ररीचा इतिहास, मग फायदे, मग तोटे (पार्किंग), आणि शेवटी दोन्ही बाजूंत तथ्य असून सुवर्णमध्य साधावा. व्याकरणाची एक चूक नाही, हे प्रोफेसरने स्वतःच लिहिलंय वर. आणि ग्रेड काय तर सी!

पहिल्या परिच्छेदाशेजारी हिरव्या शाईत ‘तुमचा थीसिस कुठे आहे?’ दुसऱ्या पानावर समासात ‘सो व्हॉट?’ तिसऱ्या पानावर परत ‘सो व्हॉट?’ आणि खाली, ‘हे सगळं कुणीही मान्य करेल. मग लिहायचं कशाला?’

अहो, चाळिशी ओलांडलेल्या बाईला ‘मग काय झालं’ म्हणायचं? आमच्या जोशी की कुलकर्णी बाईंनी (नाव बदललंय) छडी मारली असेल, पण असं तोंडावर कधी बोलल्या नाहीत. आणि ही प्रोफेसर जेमतेम तिशीची. तिला मॅडम पण म्हणायचं नाही, नावाने हाक मारा म्हणते, ते तर माझ्या तोंडून निघतच नाही, मी नुसतं ‘हॅलो’ म्हणून सुरू करते.

थीसिस म्हणजे मला पीएचडीचा प्रबंध तेवढा माहितीये. चार पानांत प्रबंध कुठून आणू? पुन्हा लिहून द्यायला दहा दिवस आहेत. कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

पेंगुळलेला

लायब्ररीच्या तोट्यांत पार्किंग, खिक्. सांगलीत असतात तर पंखा चालत नाही असं लिहिलं असतंत.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धविराम

कृष्णाकाठ, आधी शांत व्हा. मी मिडवेस्टातल्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडी करताना सहा वर्षं हाच कोर्स शिकवला आहे, फी माफ व्हायची त्या बदल्यात. ‘सो व्हॉट?’ मी स्वतः शेकड्याने लिहिलंय, गोऱ्या, काळ्या, चिनी, मराठी सगळ्यांच्या पेपरवर. ती शिवी नाही हो, तो त्या धंद्यातला शिक्का आहे. आपल्याकडे कसं, मास्तर फळ्यावर गणित सोडवताना ‘म्हणून?’ विचारून वर्गाकडे बघतात, तसं. ‘बरं, हे कळलं, पण यावरून तुम्हाला काय म्हणायचंय?’ एवढाच त्याचा अर्थ.

थीसिस म्हणजे इथे एक वाक्य, फार तर दोन. त्यात विषय नाही, दावा असतो. ‘लायब्ररी’ हा विषय. ‘लायब्ररी महत्त्वाची आहे’ हे व्याकरणाने वाक्य आहे पण दावा नाही, कारण त्याला नाही म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मी पोरांना एक युक्ती सांगायचो. आपलं वाक्य लिहा आणि त्यापुढे ‘मला हे अजिबात पटत नाही’ असं जोडून मोठ्याने वाचा. डोकं ठिकाणावर असलेला एखादा माणूस तसं म्हणू शकतो असं वाटलं तर वाक्य ठेवा, नाहीतर खोडा.

भारतातून आलेल्या मुलांचं माझ्या वर्गात नेमकं तुमच्यासारखंच व्हायचं. इंग्रजी चोख, स्पेलिंग अमेरिकन पोरांपेक्षा दसपट बरं, आणि मत विचारलं की चिडीचूप. मग हळूच विचारणार, ‘सर, तुम्हाला कुठली बाजू हवीय?’

भाजणी

शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. माझी पोरं पण हेच विचारतात. मी पुण्यात एफवायला कंपल्सरी इंग्लिश शिकवते.

निवृत्त_मास्तर

आम्ही सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीच आहोत असे वाटते. दोन शब्द बोलू का?

शाळेतला निबंध हा वाद घालण्यासाठी नव्हताच मुळी. मुलाला चार वाक्ये सलग लिहिता यावीत, शब्द जवळचे वाटावेत, पाऊस पडतो तो डोळ्यांना दिसावा हा हेतू. वर्गात साठ-पासष्ट मुले, त्यातली निम्मी घरी वेगळीच बोली बोलणारी. त्यांनी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ वर दीड पान लिहिले की आम्हाला भरून यायचे. त्याला ‘सो व्हॉट’ विचारले असते तर ते पोर दुसऱ्या दिवशी शाळेत आले नसते.

वैचारिक निबंध हा प्रकार आमच्याकडेही होता. परंतु मुले तो पर्याय सोडून आत्मवृत्ताकडे धावत, कारण आत्मवृत्तात मार्क पडतात हे गाइडवाल्यांनी सांगितलेले. आणि खरे सांगायचे तर वैचारिकचे मुद्दे फळ्यावर आम्हीच लिहून द्यायचो. फायदे चार, तोटे तीन, समारोप. इतकी कबुली देतो.

आगाऊकार्टं

“होय, मी ओहायो नदी बोलतेय! पिट्सबर्गला दोन नद्यांच्या संगमातून माझा जन्म झाला. माझ्या काठावर कितीतरी कारखाने आले नि गेले. माणसा, तू मला काय दिलंस? घाण!”

समासात हिरव्या शाईत : सो व्हॉट?

कृष्णाकाठ

आगाऊकार्टं, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ऑफिसात नाहीये म्हणून बरं.

मास्तर, तुमच्यावर राग नाही हो कुणाचा. माझे ते ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ वर्गात वाचून दाखवलं होतं, अजून आठवतंय.

रेघोटी

थीसिसवर एवढं बिचकायचं कारण नाही. आपल्या न्यायशास्त्रात पाच अवयवांचं वाक्य आहे : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा. म्हणून इथे आग आहे. थीसिसला मराठीत प्रतिज्ञा म्हणा की सरळ! आणि समोरच्याचं म्हणणं आधी मांडून मग खोडायचं त्याला पूर्वपक्ष-उत्तरपक्ष म्हणतात, हे तर कीर्तनाला बसणाऱ्या आजीलाही ठाऊक असायचं.

सातबारा

आलंच का. विमान, प्लास्टिक सर्जरी आणि आता इंग्लिश १०१.

रेघोटी

सातबारा, मी कुठे म्हटलं अमेरिकेने आपल्याकडून चोरलं? कृष्णाकाठताईंना हातात धरायला ओळखीचा शब्द दिला एवढंच.

सातबारा

बरं, चिमटा मागे घेतो. शब्द झकास आहे, प्रतिज्ञा. पण एक फरक राहतोच. त्या डोंगराच्या उदाहरणात धूर आणि आग यांचं नातं दोन्ही पक्षांना आधीच मान्य आहे, स्वयंपाकघर सगळ्यांनी पाहिलंय. कॉलेजच्या पेपरात पुरावा स्वतः जाऊन आणायचा असतो आणि मग हा पुरावा त्या दाव्याला कसा काय लागू पडतो तेही समजावून सांगायचं असतं. स्टीफन टूल्मिन म्हणून इंग्रज तत्त्वज्ञ होता, त्याने १९५८ साली हे सुटं करून मांडलं : दावा, आधार, आणि या दोघांना जोडणारा पूल. माझ्या मुलाच्या वर्गात त्याचाच तक्ता भिंतीवर लावला होता. आपली गाडी नेहमी पुलावर अडते. ‘लायब्ररीत पन्नास हजार पुस्तकं आहेत, म्हणून ती महत्त्वाची.’ का बुवा? गोदामातही असतात पुस्तकं.

आणि पूर्वजच हवे असतील तर इतकं लांब कशाला जायचं, विष्णुशास्त्री चिपळूणकर आहेत की. निबंधमाला १८७४ ला सुरू झाली. पटो न पटो, त्या माणसाला स्वतःचं मत होतं आणि भांडायची तयारी होती. सुवर्णमध्य वगैरे भानगड नाही.

अर्धविराम

सातबारा, १८७४ हे साल बघून गंमत वाटली. हार्वर्डने प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली तीही १८७४ मध्येच. आणि काय झालं, चांगल्या घरच्या, महागड्या शाळांतून आलेल्या, इंग्रजी ही आईची भाषा असलेल्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त नापास. आरडाओरडा झाला, शाळा काय शिकवतात म्हणून वर्तमानपत्रांतून बोंब झाली. त्यातूनच पुढे १८८५ ला पहिल्या वर्षाला सक्तीचा ‘इंग्लिश ए’ आला आणि मग बघता बघता देशभरच्या कॉलेजांत हाच खाक्या. तेव्हा कृष्णाकाठ, तुम्ही ज्या कोर्सला बसलाय तो मुळात अमेरिकन पोरांना लिहिता येत नाही म्हणून निघालेला आहे.

कृष्णाकाठ

हे वाचून बरं वाटलं. लेकीला वाचून दाखवलं.

जर्मनीतला_चुलता

इकडे जर्मनीत मला उलटा अनुभव. माझा गाइड विषयापासून तीन पानं लांब भटकायचा आणि त्याला खोली म्हणायचा.

रच्याकने (बाय द वे), रॉबर्ट कॅप्लन नावाच्या भाषातज्ज्ञाने १९६६ ला कुठल्या भाषेचे लोक परिच्छेद कसा लिहितात याची चित्रंच काढली होती. इंग्रजी म्हणजे सरळ खाली जाणारा बाण. पौर्वात्य म्हणजे गोल गोल आत वळत जाणारी रेघ, जिलबी. मला वाटलं आपण जिलबीत. नीट वाचलं तर तो चिनी-कोरियन वगैरे लोकांबद्दल बोलत होता, आपला नंबरच नाही. पुढे त्यावर टीकाही भरपूर झाली, की एवढ्या मोठ्या समाजांना एका रेघेत कसं बसवता. पण माझं स्वतःचं लिखाण जिलबीच आहे, हे मान्य.

पेंगुळलेला

आपलं चित्र काढायचं तर शेवग्याची शेंग. लांबलचक, आणि चावून चावून शेवटी थुंकायचं.

भाजणी

पेंगुळलेला, शेंगेला नावं ठेवू नका, आमटीचा जीव आहे तो.

मला एक मुद्दा राहून गेल्यासारखा वाटतो. फरक थीसिसचा कमी आणि ड्राफ्टचा जास्त आहे. कृष्णाकाठला दहा दिवस पुन्हा लिहायला मिळालेत बघा! माझ्या एका डिव्हिजनला एकशे वीस मुलं. परीक्षेत निबंध एकदाच लिहायचा, वीस मिनिटांत, तो गेला की गेला. पेपर तपासून परत हातात पडत नाही, पडला तर मार्कांच्या बेरजेपुरता. त्यामुळे पोरांना लिहिणं म्हणजे एका दमात, खाडाखोड न करता, सुवाच्य अक्षरात उतरवायचं काम वाटतं. खाडाखोड म्हणजे गुन्हा. मी गेल्या वर्षी हट्टाने तीस मुलांचा गट घेऊन तीन-तीनदा लिहून घेतलं. एका मुलाने पहिल्या ड्राफ्टवर मी केलेल्या खुणा बघून विचारलं, ‘मॅडम, इतकं वाईट होतं का?’ तिसऱ्यांदा लिहिताना त्यानेच आपला पहिला परिच्छेद आख्खा उडवला. मी सांगितलंही नव्हतं.

कृष्णाकाठ, एक विचारू? त्या लायब्ररीचा तुला कधी राग आलाय का? खरंखुरं सांग.

कोडग्या

हे सगळं कशाला करायचं पण? दोन मिनिटांत एआय लिहून देतं, थीसिससकट. मी आयटीत आहे, आमच्याकडे कुणी ईमेलसुद्धा स्वतः लिहीत नाही.

भाजणी

कळतं ते वाचताना.

स्टेथो

कोडग्या, मी डॉक्टर आहे, एक गंमत सांगतो. ताई रेडिओग्राफीला चालल्यात म्हणून आठवलं. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये आधी काय काय दिसलं ते लिहितात आणि शेवटी ‘इम्प्रेशन’ म्हणून एक-दोन ओळी. मी आधी तीच वाचतो. तिथे कुणी ‘फुफ्फुसं हा शरीराचा महत्त्वाचा अवयव असून दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं लिहून पाठवलं तर? इम्प्रेशन म्हणजेच थीसिस. एक्स-रे काढणाऱ्याला रिपोर्ट लिहायचा नसतो हे खरं, पण काय दिसतंय आणि त्यावरून काय म्हणायचंय या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे कळलेलं बरं.

निवृत्त_मास्तर

डॉक्टरसाहेब, दोन्ही फुफ्फुसांत तथ्य असावे हीच प्रार्थना.

आगाऊकार्टं

मास्तर फॉर्मात!

कोपऱ्यावरची_मावशी

एआयवरून निघालंच आहे तर सावध करते. माझ्या भाच्यावर हा आळ आला होता, बाहेरून लिहून घेतलंस म्हणून. पोरगं प्रामाणिक, फक्त त्याचं इंग्रजी शाळेत घोटून घोटून घेतलेलं, एकेक वाक्य इस्त्रीचं. रडायला लागला बिचारा. शेवटी वाचला कशामुळे तर गूगल डॉक्समध्ये लिहिलं होतं, त्यात मागच्या सगळ्या आवृत्त्या वेळेसकट राहतात, रात्री अडीचला एक परिच्छेद चारदा बदललेला दिसला. ज्या कंपनीने हे चॅटचं प्रकरण काढलं त्या ओपनएआयने एआयने लिहिलेलं ओळखायचं स्वतःचं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, नीट ओळखत नाही म्हणून. तरी कॉलेजवाले कुठलं तरी यंत्र लावतातच. कृष्णाकाठ, वर्डमध्ये एका फाइलवर पुसून पुसून लिहीत असशील तर आजच सोड.

कृष्णाकाठ

बाप रे, वर्डमध्येच लिहितेय मी. हलवते.

भाजणी, तू विचारलंस म्हणून दोन दिवस डोक्यात घोळत होतं. राग असा नाही... म्हणजे आहे. आमची लायब्ररी रविवारी बंद असते. आम्ही नवीन आलो तेव्हा घरी नेट नव्हतं, गाडी एकच, नवरा आठवडाभर क्लायंटकडे. रविवारी सकाळी गाडी मिळायची आणि नेमकी तेव्हा लायब्ररी बंद. मी मुलीला मागच्या सीटवर बसवून पार्किंग लॉटमध्ये थांबायचे, कारण वायफाय बाहेरपर्यंत येतं. तिथून आईला स्काइप करायचे. हिवाळ्यात हीटर चालू ठेवून.

काल रविवार होता. मुद्दाम गेले. दीड तास गाडीत बसून होते, थर्मासमध्ये चहा घेऊन. एकूण तेवीस माणसं आली. अकरा जण दारापर्यंत चालत गेले, दार ओढून बघितलं, पाटी वाचली आणि परत फिरले. बाकीचे उतरलेच नाहीत, गाडीतच मोबाइल नाहीतर लॅपटॉप उघडून बसले. एका बाईच्या अंगावर वेअरहाऊसचा युनिफॉर्म होता, मांडीवर लॅपटॉप, मागे पोरगं झोपलेलं. मला एकदम कसंतरीच झालं.

पण हे काय पेपरात लिहायचं असतं का?

अर्धविराम

हेच लिहायचं असतं!! अहो तुम्ही दीड तास बसून मोजलंत, माझ्या सहा वर्षांत दहा पोरांनीसुद्धा असं केलं नसेल. ‘पुस्तकं माणसाचे मित्र’ आजच्या आज उडवा आणि सुरुवात त्या दार ओढणाऱ्या अकरा जणांपासून करा. आता प्रतिज्ञा लिहून दाखवा बघू.

कृष्णाकाठ

प्रयत्न एक : लायब्ररी रविवारी बंद असणं ही गंभीर समस्या आहे.

आगाऊकार्टं

सो व्हॉट? (माफी असावी, हात शिवशिवत होते.)

कृष्णाकाठ

प्रयत्न दोन : लायब्ररी रविवारी उघडी ठेवावी कारण ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना सवड रविवारीच असते.

रेघोटी

प्रतिज्ञा आणि हेतू, दोन्ही आले. वा.

दिवाणखाना

मी इथे नाही म्हणणार आहे. मी स्वतः अमेरिकेत एका गावच्या लायब्ररीत काम करते. आम्हालाही रविवार लागतो हो. आधीच दोन संध्याकाळी आठपर्यंत थांबतो, शनिवारी येतो. बजेट गावच्या टॅक्समधून येतं, ते वाढवायचं तर लोकांसमोर मताला ठेवावं लागतं, आणि ‘आमची मुलं मोठी झाली, आम्हाला काय करायचंय’ म्हणणारे असतातच. ‘उघडी ठेवावी’ म्हणणं सोपं आहे. कुणी ठेवायची? कुठल्या पैशात?

सातबारा

अभिनंदन, कृष्णाकाठ! शुद्धीवर असलेला विरोधक मिळाला. अर्धविरामांच्या परीक्षेत पास.

कृष्णाकाठ

दिवाणखाना, आधी थोडं लागलं, पण तुम्ही बरोबर आहात. मी त्यांच्या बाजूने विचारच केला नव्हता. आता काय, हे लपवू की लिहू?

अर्धविराम

लिहा, आणि तिरकं करून नका लिहू. दिवाणखान्यांनी वाचलं तर ‘हो, माझं म्हणणं नीट मांडलंय’ असं त्यांना वाटलं पाहिजे. मग उत्तर द्या. तुमच्या वर्गात पुढे बहुतेक मार्टिन ल्युथर किंग यांचं १९६३ सालचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र लावतील, बऱ्याच ठिकाणी लावतात. त्यात बघा, आठ धर्मगुरूंचे आक्षेप ते एकेक करून घेतात, बाहेरून आलेला माणूस, चुकीची वेळ, कायदेभंग, आणि प्रत्येकाला सभ्यपणे आणि सविस्तर उत्तर देतात. तो खरा उत्तरपक्ष.

आणि एक राहिलं. तुमच्या पहिल्या पेपरात लायब्ररीचा इतिहास आला कुठून?

कृष्णाकाठ

त्यांच्याच वेबसाइटवरून. थोडे शब्द बदलले. का?

अर्धविराम

आई गं. संदर्भ दिलात का?

कृष्णाकाठ

इतिहास तर सगळ्यांचा असतो ना, त्याला कसला संदर्भ?

भाजणी

हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. उतारा पाठ करून जसाच्या तसा लिहिला तर आपण ‘काय स्मरणशक्ती आहे’ म्हणतो, तिकडे वाङ्मयचौर्य म्हणून कॉलेजच्या समितीसमोर उभं करतात. शब्द बदलले तरी कल्पना आणि माहिती ज्याची त्याचं नाव द्यायचं. आणि दुसऱ्याच्या वाक्याची बांधणी तशीच ठेवून फक्त शब्द फिरवले तर नाव देऊनही चालत नाही.

दिवाणखाना

तो इतिहासाचा परिच्छेद काढूनच टाका ना. रविवारच्या मुद्द्याला लायब्ररी कुणी बांधली याचं काय करायचंय?

आणि एक सुचवते, माझ्या मनाविरुद्ध. आमच्याकडे आठवड्यातली सगळ्यात ओस वेळ म्हणजे शुक्रवार सकाळ. तुमच्या लायब्ररीत विचारून बघा, कोणत्या तासाला किती लोक येतात याची नोंद बहुतेक ठिकाणी ठेवतात. मागितली तर देतील.

कृष्णाकाठ

गेले होते. डेस्कवरच्या बाईने प्रिंट काढून दिला! आमच्याकडेही शुक्रवार सकाळच सगळ्यात कमी. तिला खूप कौतुक वाटलं, म्हणाली आजवर कुणी मागितलं नव्हतं.

प्रयत्न तीन : लायब्ररीने शुक्रवार सकाळ बंद ठेवून रविवार दुपार उघडी ठेवावी, म्हणजे कर्मचाऱ्यांचे तास आणि गावचा खर्च न वाढवता, ज्या लोकांना आज पार्किंग लॉटमध्ये बसावं लागतं त्यांना आत बसता येईल.

निवृत्त_मास्तर

या वाक्याला मी पंधरापैकी चौदा देतो. एक मार्क लांबीसाठी कापला. फळ्यावर मुद्दे कुणी लिहून दिले नाहीत, हे लक्षात घेऊन.

जर्मनीतला_चुलता

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

पेंगुळलेला

धागा झोपला का? निकाल काय लागला?

कृष्णाकाठ

उशीर झाला, मिडटर्म होती. बी प्लस!!

आधी वर्गात एकमेकांचे ड्राफ्ट वाचायचा कार्यक्रम झाला. माझा पेपर एका एकोणीस वर्षांच्या मुलाकडे गेला, नाकात रिंग, कायम हेडफोन, सेमिस्टरभर आमचं एक वाक्य बोलणं नाही. वाचून म्हणाला, ‘माझी आई पण अशीच गाडीत बसायची.’ मग आम्ही दोघं थोडा वेळ गप्पच.

प्रोफेसरने हिरव्या शाईत एवढंच लिहिलंय, की कर्मचाऱ्यांचा मुद्दा तिसऱ्या पानाऐवजी आधी आणा, आणि शेवटचा परिच्छेद काढा, त्यात तुम्ही परत सगळ्यांचे आभार मानताय. (मानले होते. सवय.) ‘सो व्हॉट’ एकदाही नाही. मी पानं उलटसुलट करून शोधलं.

आता पुढचं काम ॲनोटेटेड बिब्लिओग्राफी म्हणून आहे. ते काय असतं? नवीन धागा काढू की इथेच विचारू?

पेंगुळलेला

इथेच. पॉपकॉर्न उरलंय.

दिवाणखाना

अभिनंदन! पण कृष्णाकाठ, परवा ड्यूटीवर असताना लक्षात आलं आणि जीभ चावली. शुक्रवारी सकाळी आमच्याकडे दोन-तीन वर्षांच्या बाळांचा गोष्टींचा तास असतो. एकूण माणसं कमी, पण ती सगळी तेवढ्यासाठीच येतात. तुमच्याकडेही असतो का?

कृष्णाकाठ

अरे देवा. असतो. माझी धाकटी त्याच तासाला बसून इंग्रजी शिकली.

पेपर तर देऊन झाला!